काळी चारच्या जागी काळी पाच

मास्तर, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा लिहायचा प्रश्न नव्हता. तुमचं घर आणि माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये वडवणीचा आठवडी बाजार तेवढा आडवा, आणि बाजाराच्या दिवशीसुद्धा तुमची हाक माझ्या दुकानापर्यंत यायची. आज लिहितोय त्याला कारण आहे, पण ते पहिल्याच ओळीत लिहायला हात धजत नाही. म्हणून जे सरळ लिहिता येतं तिथून सुरू करतो. मी नवीन वाद्य घेतलं. तुमच्या डोळ्यांसमोर येईल तसलं नाही. दिसायला जुन्या कीबोर्डसारखंच, एकसष्ट कीज, पण याला स्वतःचा आवाज नाही. नुसतं वाजवलं तर टेबलावर बोटं आपटल्यासारखं ठक ठक होतं. कोणती की दाबली आणि किती जोरात दाबली, एवढीच खबर तो वायरीतून लॅपटॉपला देतो. त्याला मिडी कीबोर्ड म्हणतात. आवाज लॅपटॉपात तयार होतो, आणि तो तिथून स्वच्छ बाहेर काढून मिक्सरला द्यायला मध्ये एक लोखंडी डबी लागते, तळहाताहून थोडी मोठी. ती ऑडिओ इंटरफेस. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मंग वाजवतंय कोन बे, तू का ते डबडं?" याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

हे सगळं घेतलं ते ताईसाठी. तुमची लेक पुन्हा गाणार होती. फाल्गुनात तिचा शिरूरहून फोन आला. "दुकानात हाईस का?" म्हणाली. म्हटलं, हाय, बोल ताई. "आमच्या बचत गटाच्या बाया मागं लागल्यात. चैत्राच्या हळदीकुंकवाला गानं म्हन म्हनत्यात. ऊसतोडीवरनं समद्या माघारी आल्यात, औंदा गाव भरलंय. मी न्हाईच म्हनत होते." मंग? "मंग काय, हो म्हनून बसले. साथीला कोन मिळतंय का बघ. तुला जमलं तर तूच ये." मी जमतं म्हणालो. फोन ठेवला आणि समोर उघडून ठेवलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये डाग द्यायचा होता तो न देताच गरम सोल्डरगन कितीतरी वेळ हातात धरून बसलो. बावीस वर्षांनी ताई माइकसमोर उभी राहणार, आणि साथीला मी. त्याच्या आधी तिला एक गोष्ट सांगायला हवी होती. ती गोष्ट मी तुम्हालाही कधी सांगितली नाही.

धर्मापुरीचं लग्न. वैशाखातली दुपार, मांडवाचं कापड पातळ, ऊन आरपार. आपली बँजो पार्टी सकाळपासून वाजवून घामाघूम झालेली. वरात लागली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि नवरीकडच्यांनी ताईला गवळण म्हणायला सांगितली, तुम्ही चाल लावलेली. नेमकी तेव्हाच तुमच्या बँजोची तार तुटली आणि तुम्ही स्टेजच्या मागं पाठ करून तार बदलायला बसलात. म्हणून त्या गाण्याला बँजो नव्हता. ढोलकी आणि मी, दोघंच. ताईची पट्टी, म्हणजे तिच्या गळ्याचा सा, काळी चार. माझी बोटं तेव्हा फक्त पांढरी एकवर बसलेली, सगळी गाणी मी तिथूनच वाजवायचो आणि पट्टी बदलायची ती बटणानं. बटण एकदा दाबलं की अर्धा सूर खाली, चार वेळा दाबलं की ताईची काळी चार. मी मोजून चार वेळा दाबलं. कीबोर्डवरचा आकडा लाल, नखाएवढा, आणि उन्हात तो दिसतच नव्हता. दिसला असता तर कळलं असतं की आधीच्या पुरुषाच्या गाण्यासाठी पट्टी दोननं वर चढवलेली होती आणि मी ती शून्यावर आणलीच नव्हती. चार खाली उतरलो, पण दोन वरून. काळी चारच्या जागी काळी पाच लागली, दोन अर्धे सूर वर.

ताईनं सूर घेतला तो माझ्याकडून. धृपद निभावलं. अंतऱ्यात वरच्या जागेला तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. नवरदेवाकडच्या घोळक्यातून कुणी ओरडलं, "ओ बाई, पानी प्या, पानी!" आणि पंगतीतली माणसं हसली. त्याच वेळी मांडवाच्या खांबाची सावली सरकून आकड्यावर आली आणि मला वजा दोन स्पष्ट दिसलं. वजा चार हवं होतं. मास्तर, मी थांबलो नाही. मी आवाजाचं बटण वाढवलं आणि जोरात वाजवलं, तिचा आवाज झाकला जावा म्हणून. गाणं कसंबसं संपलं. ती माइक सोडते ना सोडते तोच मी पट्टी वर-खाली करायची दोन्ही बटणं एकदम दाबली. तसं केलं की आकडा शून्य होतो. तुम्ही बँजो घेऊन वर आलात. मला विचारलंत, "कोनती पट्टी दिली?" मी म्हणालो, काळी चार. तुम्ही कीबोर्डकडं पाहिलंत. माझ्याकडं पाहिलंत. "हं," म्हणालात. मग ताईकडं वळलात आणि सगळ्यांच्या देखत तिला बोललात, "गळा जपाय सांगितलं व्हतं तुला. लग्नाच्या घरात ताक पित बसती." ती खाली उतरली ती उतरलीच. त्या हंगामात तिनं गायलं नाही, पुढच्या हंगामात तिचं लग्न झालं, आणि 'मास्तरच्या पोरीचा गळा गेला' हे सगळ्यांना पाठ झालं. मलाही कुणी विचारलं की मी तेच सांगायचो.

तुम्हाला मोटारीच्या हॉर्नची पट्टी सांगता यायची. परळीची बस आणि बीडची बस तुम्ही न बघता ओळखायचात. म्हणून त्या 'हं'चं मला कोडं पडलंय, पण ते पुढं.

आधी सांगावं की वाद्य कसं निवडलं, कारण महिनाभर मी तेच करत होतो. ताईला फोन करून खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी मी रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर व्हिडिओ बघून वहीत लिहीत होतो. पंचवीस कीजचा छोटा चालणार नाही, त्यावर दोन हात बसत नाहीत. एकोणपन्नासवर डाव्या हाताला जागा अपुरी. अठ्ठ्याऐंशीचा मोटरसायकलवर बांधून नेता येत नाही. एकसष्टच. की फार हलकी नको, बोट घसरतं; पियानोसारखी जडही नको, गवळणीतल्या बारीक जागा घेताना मनगट भरून येतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पट्टी बदलली की किती बदलली तो आकडा पडद्यावर मोठा दिसला पाहिजे, उन्हातसुद्धा. बहुतेक कीबोर्डांवर नुसता एक दिवा लुकलुकतो. बदललंय एवढं कळतं, किती ते कळत नाही. तसला मला फुकट दिला तरी नको होता.

ढोलकीवाल्याला घेऊन संभाजीनगरला गेलो. आपल्या पार्टीतलाच तो, अजून माझ्याबरोबर आहे, फक्त पोट वाढलंय. दुकानात मी स्वतःचा हेडफोन काढला, स्वतःचा लॅपटॉप काढला आणि पडद्यावर ऊन पडावं म्हणून एक कीबोर्ड दाराशी न्यायची परवानगी मागितली. तिथला विक्रेता बिचारा पंचविशीतला. म्हणाला, "काका, तुम्हाला वाजवायचाय का वाळवायचाय?" ढोलकीवाला लगेच म्हणाला, "अहो साहेब, ह्यो लग्नाला पोरगी बघाय गेलता तवा बी खिशात टेस्टर हुता." सगळं दुकान हसलं. मीही हसलो, पण कीबोर्ड दाराशी नेला. तिसरा होता त्याचा आकडा उन्हात वाचता आला. तोच घेतला.

डबीचं त्याहून अवघड. पुष्कळ लोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातूनच वायर काढून मिक्सरला देतात. त्यात घरघर येते आणि बोट पडल्यावर आवाज उशिरा येतो. किती उशिरा, तर पाण्यात चालताना पाय जसा मागं राहतो तसा. डबी त्यासाठीच. ज्या डबीला वेगळा अडॅप्टर लागतो ती मी हातातही घेतली नाही, कारण आपल्याकडं वीज जाणार हे धरूनच चालायचं. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, तेव्हा डबीही लॅपटॉपमधूनच वीज घेणारी पाहिजे. मागं दोन आउटपुट पाहिजेत, आत तीन तारा असलेली वायर घेणारे, म्हणजे मांडवातून लांब वायर ओढली तरी जनरेटरची कुरकुर आत शिरत नाही. हेडफोनचं बटण वेगळं पाहिजे. वायर खोचायची जागा घट्ट पाहिजे. मी दहादा खोचून काढून पाहिली. मग लॅपटॉपातली सेटिंग. तिथं एक आकडा असतो, तो मोठा ठेवला तर आवाज रेंगाळतो, लहान ठेवला तर लॅपटॉपला दम लागून चरचर येते. एकशे अठ्ठावीसवर माझं जमलं. चौसष्टवर चरचरलं. दोनशे छप्पन्नवर मला चालत नाही. इतरांना चालत असेल. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. मी दहावीपुढं गेलो नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. रेडिओ उघडून रेडिओ शिकलो, तसंच हे. विक्रेत्याला सांगितलं तर तो म्हणाला, काका, तुम्हीच इथं बसत चला.

ताई आता शिरूरला अंगणवाडी चालवते. तालीम तिथंच झाली, रविवारी दुपारी. भिंतीवर सफरचंद, बदक, एक ते दहा आकडे. ताई आता केसांना काही लावत नाही, निम्मे पांढरे झालेत. चष्मा तुमच्यासारखाच कपाळावर चढवते. माझ्या वायरी बघून म्हणाली, "काय रं ही सर्कस? पेटी आन म्हनलं तर इस्पितळ घिऊन आलास." ढोलकीवाला म्हणाला, "अजून सलाइन लावायचं ऱ्हायलंय." ती हसली, मोकळं हसली, आणि मला वाटलं, आत्ता सांगावं. पण वायरी जोडायच्या होत्या. तिची पट्टी आता उतरलीय, काळी दोनवर आलीय. फोनवर तिनं दोन ओळी म्हणून दाखवल्या होत्या तेव्हाच मी ओळखलं होतं आणि त्याच दिवशी लॅपटॉपात तीन वर चढवून ठेवलं होतं. अंगणवाडीत बसल्यावर नव्या कीबोर्डवर तीन चढवले. पडद्यावर मोठा आकडा, अधिक तीन. डोळ्यांनी दोनदा वाचला. ताईला म्हटलं, चल.

तिनं धृपद घेतलं. मान थोडी वर करून गात होती, तशी ती कधी गात नसे. मला काहीतरी टोचलं, पण पडदा तर तीनच दाखवत होता. अंतऱ्याच्या वरच्या जागेला आवाज फाटला. तिचा हात गळ्याकडं गेला. ती खुर्चीत बसली, मुलांची खुर्ची, गुडघे छातीपर्यंत आलेले. "बघ," म्हणाली. "म्हनलं व्हतं ना. गेलाय त्यो. धर्मापुरीला गेला त्यो गेलाच. उगं बायांनी भरीला घातलं." ढोलकीवाला बदकाच्या चित्राकडं बघत बसला. मी पांढरी एकची की दाबून धरली, मोबाइलवरच्या सूर बघायच्या यंत्राशी ताडून पाहिली. काळी तीन. कीबोर्डचे तीन आणि लॅपटॉपचे तीन, मिळून सहा चढले होते. पडदा खोटं बोलत नव्हता, फक्त स्वतःपुरतं बोलत होता. इतके दिवस मी एकच आकडा मोठा दिसावा म्हणून जिवाचं रान केलं, आणि दुसरा आकडा मीच आत लपवून ठेवलेला.

या वेळी सांगितलं. म्हटलं, ताई, गळा न्हाई, माझी चूक हाय, दोन ठिकाणी चढवलंय, तू तीन अर्ध्या सुरांनी वर गात व्हतीस. तिनं विचारलं, "खरंच म्हनतोस, का मन राखतोस?" खरंच, म्हटलं. "मंग धर्मापुरीला कावून फाटला? तवा तर ही सर्कस नव्हती." मास्तर, इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. उत्तर जिभेवर आलेलं होतं. मी खाली वाकलो आणि डबीतली वायर काढून पुन्हा खोचली. ती आधीच घट्ट होती. ढोलकीवाला म्हणाला, "जाऊ द्या ताई, चा टाका." तिनं चहा टाकला.

त्या दिवशी घरी जाताना ठरवलं की पट्टी बदलायचं बटणच वापरायचं नाही. तुम्ही एकदा तालमीत त्या बटणावर डॉक्टरी चिकटपट्टी मारली होती, आठवतं? तुमच्या स्वयंपाकघरात, काकू चुलीशी भाकरी थापत होत्या आणि आपण जेवायच्या आधी एक गाणं बसवत होतो. तुम्ही म्हणालात, "बोटं काळ्यावर चढव बे. गानारानी तुझ्या बोटाकडं यायचं नसतं, तू तिच्या गळ्याकडं जायचं असतं." मी भाकरी अर्धी टाकून उठलो होतो आणि चिकटपट्टी नखानं खरवडून काढली होती. मला वाटलं, तुम्हाला बँजोशिवाय काही येत नाही म्हणून यंत्राचा राग. काकूंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधून माझ्या कीबोर्डच्या पेटीत ठेवली, ती लाकडी पेटी तुम्हीच सुताराकडून करवून मला दिलेली. मी ती भाकरी खाल्ली, पण शिकलो नाही. ते आता शिकलो, एकोणपन्नासाव्या वर्षी, तीन आठवडे. काउंटरवर कीबोर्ड, एका कानात हेडफोन, दुसरा कान गिऱ्हाइकाला. काळी दोनवरून गवळण. पहिला आठवडा बोटं दारुड्यासारखी पडत होती. तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटून जमलं. लॅपटॉपातला आकडा शून्य, कीबोर्डचा शून्य, दोन्ही रोज सकाळी तपासायचो.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी वेळेच्या दीड तास आधी पोचलो. सांगायचं म्हणूनच लवकर गेलो, हे स्वतःशी पक्कं होतं. मंगल कार्यालयाच्या दाराशी ताई आंब्याच्या डाळीचं पातेलं हलवत होती. "आलास बाबा," म्हणाली, "सकाळपासनं चारदा वाटलं, नगं म्हनून सांगावं." मी म्हणालो, काही होत नाही. आणि वायरी काढायला आत गेलो. तेव्हा मी मनात म्हटलं, आत्ता सांगितलं तर ती कोलमडेल, गाणं होऊन जाऊ दे. ऐकायला बरं वाटतं ते. खरं असं की आत्ता सांगितलं असतं तर तिनं मला तिथूनच परत पाठवलं असतं, आणि तो हक्क तिचा होता. मला मात्र वाजवायचं होतं.

हॉल भरला. दीडशे-दोनशे बाया, पन्ह्याचे ग्लास, लहान लेकरांची रडारड, आणि पुरुष म्हणून कोपऱ्यात आम्ही दोघंच. ताई उभी राहिली. मी काळी दोनवर हात ठेवला आणि सूर दिला. तिनं घेतला. मान वर गेली नाही. धृपद झालं, ढोलकी लागली, बाया हळूहळू गप्प झाल्या. अंतरा सुरू होणार तोच वीज गेली. पंखे थांबले, स्पीकर मेला, माइक मेला. मी इतकी काळजी घेऊन लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, डबी त्याच्यावर ठेवली, आणि हॉलच्या स्पीकरचं काय, हे मी धरलंच नव्हतं. माझी बोटं चालू होती, पण बाहेर नुसतं ठक ठक. ढोलकीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, वाजवत राहिला. आणि ताई थांबली नाही. माइक खाली केला आणि अंतऱ्यात शिरली.

माझ्या एका कानात हेडफोन होता. त्यात माझं वाद्य जिवंत होतं, बॅटरीवर, फक्त मलाच ऐकू येईल असं. दुसऱ्या कानात तुमची लेक. दोन्ही कानांत एकच सूर होता. वरची जागा आली. मला धर्मापुरीची दुपार आठवली. तिनं ती जागा घेतली, तिथं थांबली, श्वास पुरवून खाली आली, आणि केसाइतकाही फरक नाही. तिला ना स्पीकरचा आधार, ना माझा. हॉलमध्ये सगळ्यांनी एक बाई गाताना ऐकली. ती किती बिनचूक गात होती हे फक्त मला ठाऊक होतं. दुसऱ्या अंतऱ्याला वीज आली, माझा आवाज स्पीकरमधून तिच्या आवाजाला जाऊन मिळाला, आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही. गाणं संपल्यावर बायांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

ती मागच्या मोरीत पन्ह्याचे ग्लास विसळत होती तिथं जाऊन मी सांगितलं. उभ्यानंच. पुरुषाच्या गाण्याची पट्टी, चार वेळा दाबलेलं बटण, वजा दोन, वाढवलेला आवाज, शून्य केलेला आकडा. काही गाळलं नाही. तिनं नळ बंद केला. "किती वर म्हनलास?" दोन, म्हटलं, काळी चारच्या जागी काळी पाच. ती ग्लास पुसत राहिली, पुसलेलाच ग्लास. "वर्सभर ज्येष्ठमध चघळलं मी," म्हणाली. "अंबाजोगाईला डाक्टरला दावलं. त्यो म्हनला, बाई, काहीच न्हाई. मला वाटलं त्याला कळंना. लग्नात सासूनी म्हनलं, गानं म्हन, तर मी म्हनलं, येत न्हाई. माझ्या लेकराला पाळना म्हनताना दार लावून घेत व्हते रं." मी म्हणालो, ताई. ती म्हणाली, "गप." बाहेर बाया हसत होत्या, ढोलकीवाला कुणाला तरी माझ्या टेस्टरची गोष्ट सांगत होता. ताईनं ग्लास ठेवला आणि तुमच्याबद्दल विचारलं, "आप्पांला कळलं व्हतं का?"

मी म्हणालो, "न्हाई. ते मागं तार लावत व्हते. त्यांला काय ऐकू जानार?"

तिनं मान हलवली. डोळे पदरानं टिपले. "आप्पांला ठावं असतं तर मला तसं बोलले नसते," म्हणाली, आणि मला जायला सांगितलं. त्यानंतर दोन महिने झाले. ती माझा फोन उचलत नाही. तिनं दोन ठिकाणी गायल्याचं ढोलकीवाल्याकडून कळलं, गेवराईकडच्या कुणा पेटीवाल्याच्या साथीनं. त्यालाही काळी दोनच मागते म्हणे.

आता ते कोडं. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मला ठाऊक नाही. मी वायर दहादा खोचून बघणारा माणूस, आणि तिला मात्र न तपासलेलं उत्तर दिलं, तेही तिनं विचारताक्षणी. तुम्हाला वाटेल, पोरीच्या मनातला बाप शाबूत राहावा म्हणून बोललो. ढोलकीवाल्यालाही तसंच वाटतं, मी त्याला वाटू दिलं. तसं नाही, मास्तर. तुम्हाला कळलं असेल आणि तरी तुम्ही पोटच्या पोरीला बोललात, तर ते मला वाचवायला; हंगाम ऐन भरात होता आणि त्या लोकांसमोर माझं नाव गेलं असतं तर मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. मग माझं पुढचं सगळं, दुकानावरची पाटी, कार्यक्रम, 'मी कुणाकडं शिकलो नाही' हे मी चारचौघांत म्हणतो ते, तुमच्या त्या एका 'हं'वर उभं आहे. ते मला सोसत नाही. म्हणून मी न्हाई म्हणालो.